कोलंबिया पहिल्यांदा उतरली ते प्रत्यक्ष बघितलं, त्याबद्दल मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

नक्की कुठलं लँडिंग म्हणताय तुम्ही?

१४ एप्रिल १९८१, मंगळवार, सकाळी १० वाजून २१ मिनिटं, कॅलिफोर्नियातला एडवर्ड्स हवाई तळ. कोलंबिया या स्पेस शटलची, म्हणजे अमेरिकेच्या पुन्हा पुन्हा वापरता येणाऱ्या पंखवाल्या अंतराळयानाची, पहिली फेरी, आत जॉन यंग आणि रॉबर्ट क्रिपन असे दोघंच. १२ तारखेला सकाळी फ्लोरिडातून उडाली, पृथ्वीभोवती ३६ प्रदक्षिणा घातल्या आणि साधारण साडेचोपन्न तासांनी परत आली. मी तेव्हा लॉस एंजेलिसजवळ राहायचो, नोकरी नवीन होती, लग्न व्हायचं होतं त्यामुळे घरी कोणाला विचारायचा प्रश्न नव्हता. हे इथे लिहून ठेवतोय कारण गणपतीत, लग्नात, कुठेही भेटलं की भाचे-पुतणे आणि आता त्यांची मुलं तेच तेच विचारतात, आणि मी अर्धं सांगेपर्यंत पानं वाढून होतात.

लोक रॉकेट उडताना बघायला जातात, तुम्ही उतरताना बघायला का गेलात?

एक साधं कारण, फ्लोरिडा लांब आणि खिशात पैसे नाहीत, एडवर्ड्स मात्र शंभर मैलांवर. पण खरं सांगायचं तर मला तेव्हाही वाटायचं आणि आजही वाटतं की शटलच्या बाबतीत बघायची गोष्ट लँडिंगच होती. रॉकेट वर जाणं जगाने वीस-पंचवीस वर्षं बघितलं होतं. अमेरिकेची माणसं आतापर्यंत अंतराळातून यायची ती पॅराशूटला लटकून समुद्रात पडायची, मग नौदलाची जहाजं जाऊन त्यांना उचलायची आणि ते यान थेट म्युझियममध्ये. रशियन लोक जमिनीवर उतरायचे पण तेही पॅराशूटनेच. कक्षेतून आलेलं यान पंख पसरून रनवेवर चाकांवर उतरतंय आणि तेच यान पुन्हा उडणार, हे कोणीच केलेलं नव्हतं. शटलची सगळी कल्पना, सगळा खर्च, सगळी भांडणं या एका गोष्टीवर उभी होती की ते धड परत येतं की नाही.

आणि अजून एक. मर्क्युरी, जेमिनी, अपोलो, प्रत्येक यान आधी माणसांशिवाय उडवून बघितलं होतं. शटल नाही. पहिल्याच कक्षेच्या फेरीला आत दोन माणसं. १९७७ मध्ये एंटरप्राइज नावाचं शटल ७४७ जंबो विमानाच्या पाठीवरून सोडून पाच वेळा याच एडवर्ड्सला उतरवलं होतं, म्हणजे शेवटची काही मिनिटं माहितीची होती, पण त्याच्या वरचा भाग, आवाजाच्या पंचवीस पट वेगाने वातावरणात घुसून खाली येणं, ते फक्त कागदावर, कम्प्युटरवर आणि विंड टनेलमधल्या मॉडेल्सवर झालं होतं. त्यामुळे तिथे जमलेल्या लोकांपैकी ज्यांना थोडंफार कळत होतं ते गप्प गप्प होते.

एडवर्ड्स म्हणजे कुठे? आणि "तळ्यावर उतरली" म्हणजे पाण्यात?

पाण्यात नाही हो. मोहावीच्या वाळवंटात रॉजर्स नावाचं कोरडं तळं आहे, शंभर चौरस किलोमीटरपेक्षा मोठं. हिवाळ्यात पाऊस पडला की त्यात थोडं पाणी साठतं, वारा ते पाणी इकडून तिकडे फिरवतो, चिखल सपाट होतो आणि मग उन्हाने वाळून असा टणक होतो की जड विमान उतरवा, काही होत नाही. त्यावर काळे पट्टे ओढून रनवे आखलेत. कोलंबिया उतरली तो रनवे २३.

फ्लोरिडात केनेडी सेंटरला शटलसाठी साडेचार किलोमीटरचा मस्त काँक्रीटचा रनवे तयार होता तरी पहिल्यांदा इथेच, कारण केनेडीच्या रनवेच्या आजूबाजूला पाणी, दलदल आणि मगरी, इथे मात्र पायलटचा अंदाज मैलभर चुकला तरी पुढे सपाट जमीनच. आणि झालंही तसंच, गणितात धरलं होतं त्यापेक्षा ती जास्त तरंगली आणि ठरलेल्या जागेच्या बरीच पुढे टेकली. फ्लोरिडात पहिलं लँडिंग व्हायला १९८४ चा फेब्रुवारी उजाडला.

शिवाय कोलंबिया बांधली होती तीसुद्धा शेजारच्या पामडेलला, १९७९ मध्ये तिथून रस्त्याने एडवर्ड्सला आणून मग ७४७ वर बसवून फ्लोरिडाला पाठवली होती. म्हणजे पहिली फेरी झाल्यावर पोरगी माहेरीच आली असं आम्ही म्हणायचो.

तिथे साध्या माणसांना सोडत होते? हवाई दलाचा तळ आहे ना?

सोडत होते. तळ्याच्या पूर्व काठाला पब्लिकसाठी जागा ठेवली होती. रनवेपासून काही मैल लांब, पण मध्ये झाड नाही, घर नाही, काही नाही, त्यामुळे दिसायला अडचण नव्हती. आदल्या दिवशी ऑफिस सुटल्यावर निघालो, जुनी मोठी गाडी, आत आम्ही सगळे बॅचलर, एक पुण्याचा, एक नागपूरचा, बाकी गुजराती आणि तेलुगू. पामडेल, लँकेस्टर ओलांडलं आणि पुढे गाड्यांची रांग, म्हणजे मागच्या दिव्यांची लाल रेघ वाळवंटात जिथपर्यंत दिसेल तिथपर्यंत. पोहोचेपर्यंत मध्यरात्र उलटून गेली होती.

खरं तर उड्डाण शुक्रवारी १० तारखेला होणार होतं, तसं झालं असतं तर लँडिंग रविवारी आलं असतं आणि सगळ्यांना सोपं गेलं असतं. पण शुक्रवारी कम्प्युटरनी घोळ घातला, चार मुख्य कम्प्युटर आणि पाचवा बॅकअप यांच्या वेळा जुळेनात, एका सेकंदाचाही फरक नव्हता, त्याच्या अगदी छोट्या तुकड्याचा, तरी उड्डाण थांबवलं. मग रविवारी उडालं आणि लँडिंग आलं मंगळवारी. सुट्टी मागताना मॅनेजर म्हणाला, "परवा टॅक्स भरायची शेवटची तारीख आहे, भरलास का?" (अमेरिकेत १५ एप्रिल.) भरला होता.

रात्री कुठे झोपलात?

गाडीत. कोण झोपतंय म्हणा. एप्रिल असला तरी वाळवंटात रात्री हुडहुडी भरते आणि आम्ही मुंबईच्या थंडीच्या हिशोबाने स्वेटर आणलेले. आजूबाजूला मोठ्या मोठ्या मोटरहोम, त्यात शेगड्या, टीव्ही, कुत्री, सगळा संसार. टी-शर्ट आणि बिल्ले विकणारे फिरत होते. शेजारच्या एका आजोबांनी आम्हाला कॉफी दिली, ते दुसऱ्या महायुद्धात विमानांवर मेकॅनिक होते आणि त्यांनी रात्रभर आम्हाला एडवर्ड्सच्या गोष्टी सांगितल्या, इथेच १९४७ मध्ये चक येगरने पहिल्यांदा आवाजाचा वेग ओलांडला वगैरे. ते म्हणाले विमान खाली येताना बघायला लोक जमतात ते मुख्यतः काळजीपोटी.

खायला काय नेलं होतं?

हा प्रश्न फक्त आपलीच माणसं विचारतात! मेथीचे ठेपले (गुजराती मित्राची कृपा), लोणचं, ब्रेडला लावून लसणाची चटणी, केळी. पाणी भरपूर नेलं होतं आणि ते लागलंही, कारण नऊ वाजल्यानंतर ऊन चांगलंच तापलं.

गर्दी किती होती?

दोन लाखांच्या पुढे लोक होते असा आकडा नंतर सगळीकडे आला. मला तिथे उभं राहून इतकंच कळत होतं की दोन्ही बाजूंना गाड्या संपतच नाहीत. आपल्याकडच्या गर्दीसारखी धक्काबुक्की अजिबात नाही, प्रत्येक जण आपल्या गाडीच्या टपावर नाहीतर घडीच्या खुर्चीत.

यान दिसायच्या आधी तिथे उभं राहून काय कळत होतं?

हा माझ्या मते सगळ्यात चांगला प्रश्न आहे, कारण लँडिंग बघणं म्हणजे ९९ टक्के वाट बघणं आणि रेडिओ ऐकणं. सगळ्या गाड्यांचे रेडिओ चालू, दारं उघडी, त्यामुळे तीच कॉमेंट्री दहा गाड्यांमधून थोडी थोडी मागेपुढे ऐकू यायची.

क्रम असा होता. उतरायच्या साधारण तासभर आधी यान पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला, हिंदी महासागरावर असताना, त्यांनी यान उलटं फिरवून शेपटी पुढे केली आणि मागची छोटी इंजिनं अडीच-तीन मिनिटं चालवली. इतकंच. त्याने वेग फक्त थोडासा कमी होतो पण तेवढ्याने कक्षा खाली झुकते आणि मग परत फिरायचा रस्ता बंद. म्हणजे ब्रेक लागला तो आपल्या बाजूच्या समुद्रावर आणि गाडी थांबली कॅलिफोर्नियात, हे नागपूरकराने तिथे दोनदा सांगितलं आणि मीही तेव्हापासून सांगतोय.

मग अर्धं जग ओलांडून १२० किलोमीटर उंचीवर हवा लागायला सुरुवात होते. यानाभोवतीची हवा इतकी तापते की तिचे रेणू फुटतात, विजेचा भार असलेला वायू सगळीकडून यानाला वेढतो आणि त्यातून रेडिओ जात नाही. ब्लॅकआउट. आता मध्ये उपग्रह असतात त्यामुळे वरून बोलता येतं, १९८१ मध्ये ती सोय नव्हती. साधारण पंधरा-वीस मिनिटं कॉमेंटेटरकडे सांगायला काहीच नाही, तो जुनीच माहिती पुन्हा पुन्हा सांगतोय, आणि तुम्हाला माहीत आहे की यान या क्षणी सगळ्यात तापलेलं आहे, पुढच्या कडा दीड हजार डिग्री सेल्सियसला टेकल्यात, आणि उष्णता अडवायला अंगावर बसवलेल्या त्याच्या काही टाईल्स पडल्यात. रेडिओवर क्रिपन-यंगचा आवाज परत आला तेव्हा आमच्या रांगेत जो ओरडा झाला तो लँडिंगच्या वेळेपेक्षा मोठा होता असं मला आठवतं. थोड्याच वेळात समुद्रकिनारा ओलांडताना क्रिपन म्हणाला, कॅलिफोर्नियाला यायची काय भारी पद्धत आहे ही! तेव्हा त्यांचा वेग आवाजाच्या सातपट वगैरे होता आणि किनाऱ्यापासून आमच्यापर्यंत यायला त्यांना दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

टाईल्स पडल्या होत्या हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं?

हो, सगळ्या अमेरिकेला माहीत होतं. वर गेल्यावर मालाच्या कप्प्याची दारं उघडली आणि टीव्हीच्या कॅमेऱ्यात शेपटीजवळच्या फुगवट्यांवर काळे चौकोन दिसले, तिथल्या टाईल्स गळून पडल्या होत्या. ती जागा फार तापत नाही, त्यामुळे तेवढ्याने काही होणार नाही असं नासाने सांगितलं. पण प्रश्न पोटाचा होता. पोटाखालच्या टाईल्स कोणाला यानातून दिसत नाहीत, आणि पाठीवरच्या गळतात तर पोटावरच्याही गळल्या असतील का, हे प्रत्येक पेपरात. अंगावर एकूण तीस हजारांहून जास्त टाईल्स, प्रत्येकीचा आकार वेगळा आणि प्रत्येक हाताने चिकटवलेली, वाळूतल्याच सिलिकाच्या धाग्यांची, उचलली तर थर्माकोलइतकी हलकी. उतरल्यावर मोजलं तेव्हा १६ गेलेल्या आणि १४८ खराब झालेल्या निघाल्या. पोट मात्र शाबूत होतं.

तो प्रसिद्ध डबल आवाज खरंच तेवढा मोठा असतो का?

धाड-धाड. छातीत बसतो. आमच्या शेजारच्या मोटरहोममधलं कुत्रं गाडीखाली गेलं ते लवकर बाहेरच आलं नाही.

दोन आवाज का, हेही सगळे विचारतात. आवाजापेक्षा जास्त वेगाने येणारी वस्तू हवेत दाबाची लाट बनवते, शटल ३७ मीटर लांब, एक मोठी लाट नाकाची आणि एक मागच्या भागाची, दोन्हींमध्ये जेमतेम अर्ध्या सेकंदाचं अंतर, म्हणून कानाला दोन वेगळे ऐकू येतात. लढाऊ विमानालाही दोन असतात पण ते आखूड असल्यामुळे एकच वाटतो. गंमत म्हणजे आवाज आला तेव्हा आम्हाला यान दिसत नव्हतं, म्हणजे आधी कळलं की आलंय आणि मग सगळे माना वर करून शोधायला लागले. उतरायच्या तीनेक मिनिटं आधीची ही गोष्ट.

मग दिसलं किती वेळ? आणि कसं?

कोणीतरी दुर्बीणवाला ओरडला, बोट दाखवलं, आणि दोन लाख लोकांनी तिकडे बघितलं. आधी एक पांढरा ठिपका, खूप उंच. आभाळ पूर्ण स्वच्छ होतं आणि आम्ही पूर्व काठाला असल्यामुळे सूर्य पाठीशी, त्यामुळे एकदा सापडल्यावर परत हरवला नाही. त्याच्या बाजूला अजून छोटे ठिपके, ती टी-३८ विमानं, सोबत उडून फोटो काढायला आणि उंची-वेग सांगायला. यान तळ्यावरून मोठं वळण घेत फिरलं, वळताना एकदा पांढरी पाठ दिसायची एकदा काळं पोट, आणि मग सरळ झालं.

पुढचं मात्र डोक्यात बसत नाही. आपण विमानं उतरताना बघतो ती हळूहळू, तिरकी, आरामात येतात. हे पडत येत होतं. नाक खाली करून. प्रवासी विमान उतरताना साधारण तीन अंशांच्या उताराने येतं, हे वीस अंशांच्या आसपास, मिनिटाला तीन किलोमीटर या हिशोबाने खाली. आमच्यातला पुणेकर "अरे अरे अरे" असं म्हणत राहिला. मग जमिनीपासून थोडं वर असताना नाक उचललं, उतार एकदम सौम्य झाला, चाकं अजूनही बाहेर नाहीत, अजूनही नाहीत, आणि टेकायच्या जेमतेम पंधरा-वीस सेकंद आधी आली. (चाकं आधी काढली तर हवेचा अडथळा वाढतो म्हणून शेवटी काढतात, हे मला माहीत होतं, तरी.) मागची चाकं टेकली तिथे धुळीचा पट्टा उठला. नाक बराच वेळ वर धरून ठेवलं, मग हळूच खाली घेतलं, आणि मग नुसतं पळत राहिलं. टेकताना वेग ताशी ३४० किलोमीटरच्या आसपास, थांबायला मिनिटभर आणि पावणेतीन किलोमीटर लागले.

ठिपका दिसल्यापासून थांबेपर्यंत सगळं मिळून तीन-चार मिनिटं. इंजिनाचा आवाज शून्य. ऐकू येत होतं ते फक्त सोबतच्या विमानांचं आणि रेडिओवरचं, उंची फुटांत सांगत होते, पन्नास, चाळीस, पाच, चार, तीन, दोन, एक, टचडाउन. त्यानंतर हॉर्न. एवढे हॉर्न मी अमेरिकेत आधी कधी ऐकले नव्हते, एकदम दादर स्टेशनबाहेर उभं राहिल्यासारखं वाटलं.

इंजिन बंद असताना एवढं जड विमान उतरवतात कसं? दुसरा चान्स मिळतो का?

नाही मिळत. मुख्य इंजिनांचं इंधन वर जातानाच संपलेलं असतं, त्यामुळे परत येताना शटल म्हणजे नव्वदेक टनांचं ग्लायडर. वेग आणि उंची एवढीच शिल्लक, ती कुठे किती खर्च करायची याचा हिशोब कम्प्युटर किनाऱ्याच्याही आधीपासून करत असतो, जास्त असेल तर आभाळात नागमोडी वळणं घेऊन खर्च करतात. कमी पडली तर मात्र कुठून आणणार? शेवटचा भाग यंगने हाताने चालवला. त्यासाठी तो वर्षानुवर्षं एका खास विमानात सराव करत होता, ते साधं छोटं जेट, पण इंजिनांचा जोर उलट्या दिशेने लावून आणि चाकं बाहेर ठेवून मुद्दाम शटलइतकं वाईट उडवायचे. यंग तेव्हा पन्नास वर्षांचा, पाचवी फेरी, चंद्रावर चालून आलेला माणूस. क्रिपनची पहिलीच.

अंतराळवीर दिसले का?

आमच्या जागेवरून नाही, एवढ्या लांबून माणूस कसा दिसणार. शिवाय ते तासभर आतच होते कारण आधी खास गाड्या जाऊन यानातून विषारी वायू गळतोय का ते हुंगतात, आतल्या छोट्या इंजिनांचं इंधन फार घातक असतं. आम्ही तोपर्यंत ट्रॅफिकमध्ये. संध्याकाळी टीव्हीवर बघितलं, यंग जिना उतरून खाली आला आणि स्वस्थ उभा राहीना, यानाखाली फिरतोय, चाकं बघतोय, टाईल्स बघतोय, मुठी हवेत हलवतोय. हा माणूस एरवी अगदी थंड डोक्याचा म्हणून प्रसिद्ध. थांबल्यावर त्याने ह्यूस्टनच्या नियंत्रण केंद्राला विचारलं की हिला हँगरपर्यंत नेऊन लावू का, तर तिकडून उत्तर आलं की थांब, आधी धूळ झटकू दे.

फोटो आहेत का तुमच्याकडे?

आहेत. निळं आभाळ आणि त्यात काहीतरी. पन्नास एमएमच्या लेन्सने काही मैलांवरचं यान तेवढंच येणार. त्यापेक्षा गर्दीचे फोटो छान आलेत, माणसांची तोंडं सगळी एकाच दिशेला. माझा सल्ला, कुठलंही लँडिंग बघायला गेलात तर कॅमेरा बाजूला ठेवा, व्यावसायिक लोक तुमच्यापेक्षा चांगले फोटो काढतात आणि ते फुकट बघायला मिळतात.

भारतात तेव्हा किती वाजले होते? घरच्यांना कळलं कसं?

रात्रीचे ११ वाजून ५१ मिनिटं, १४ एप्रिलच, म्हणजे आंबेडकर जयंती संपायला नऊ मिनिटं बाकी. घरच्यांनी दुसऱ्या दिवशी रेडिओवर ऐकलं. मी त्याच आठवड्यात निळं आंतरदेशीय मिळत नाही म्हणून इथलं एरोग्राम घेऊन भरगच्च पत्र लिहिलं, त्यावर वडिलांचं उत्तर आलं त्यात लँडिंगबद्दल एक ओळ आणि रात्रभर थंडीत बसल्याबद्दल पानभर.

नंतरची लँडिंग्ज बघितली का?

४ जुलै १९८२ ला गेलो होतो, कोलंबियाचीच चौथी फेरी, काँक्रीटच्या रनवेवर पहिल्यांदा उतरली. अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन, अध्यक्ष रेगन हजर, पाच लाख लोक होते म्हणतात, झेंडे, भाषणं, आणि भाषण संपता संपता नवीन कोरी चॅलेंजर ७४७ च्या पाठीवर बसून फ्लोरिडाकडे निघाली. बघायला तो दिवस जास्त झगमगीत होता, पण लोक मजेत होते, कोणाला काळजी नव्हती. मला पहिलाच आवडतो. मधली तिसरी फेरी तर एडवर्ड्सचं तळं पावसाने भरल्यामुळे न्यू मेक्सिकोत व्हाइट सँड्सला उतरवावी लागली, तिथे शटल उतरलं ते फक्त त्या एकदाच.

त्याच कोलंबियाचं पुढे काय झालं?

तीच ती. १ फेब्रुवारी २००३, शनिवार, अठ्ठाविसावी फेरी, उतरायला सोळा मिनिटं असताना टेक्सासवर तुटली. कल्पना चावला धरून सात जण गेले. उड्डाणाच्या वेळी इंधनाच्या टाकीवरचा फोमचा तुकडा निसटून डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर आपटला होता, तिथे भोक पडलं होतं, आणि परत येताना त्यातून तापलेला वायू आत शिरला. पडलेल्या टाईल्सचा हा प्रकार नाही, पंखाच्या कडेला टाईल्स नसतात, कार्बनचे पत्रे असतात, पण १९८१ ला आम्ही रेडिओभोवती ज्या मिनिटांत गप्प उभे होतो तीच ही मिनिटं. घरचे लोक फ्लोरिडात रनवेपाशी वाट बघत उभे होते, घड्याळ शून्यावर आलं, यान नाही. यात अजून काही लिहायचं मला जमत नाही. लोक विचारतात "तेव्हा तुम्हाला धोका जाणवला होता का", तर हो, तिथल्या प्रत्येकाला जाणवला होता, नंतर वीस वर्षांत लोक तो विसरले.

आता शटल कुठे बघायला मिळेल?

डिस्कव्हरी वॉशिंग्टनजवळ शँटिलीला, अटलांटिस केनेडी स्पेस सेंटरला, एंटरप्राइज न्यूयॉर्कला जहाजावरच्या म्युझियममध्ये, आणि एन्डेव्हर लॉस एंजेलिसला, तिथे ते टाकी आणि बूस्टरसकट उभं केलंय, जायच्या आधी तो हॉल उघडलाय का ते बघून घ्या. वेळ एकासाठीच असेल तर अटलांटिस, कारण ते तिरकं टांगलंय, पोट आणि टाईल्स नीट बघता येतात.

आज अमेरिकेत गेलो तर प्रत्यक्ष लँडिंग बघता येईल का?

माणसं घेऊन रनवेवर उतरणारं यान सध्या नाही. स्पेसएक्स कंपनीचं ड्रॅगन यान समुद्रात उतरतं, तेही किनाऱ्यापासून लांब, शुभांशु शुक्ला जुलै २०२५ मध्ये सॅन दिएगोजवळ उतरले ते असेच. पण रॉकेटचे बूस्टर (सगळ्यात खालचा मोठा भाग) परत येताना बघता येतात आणि ते अजिबात चुकवू नका. फ्लोरिडात केप कॅनाव्हरल आणि कॅलिफोर्नियात लोम्पॉकजवळचं व्हँडेनबर्ग, दोन्हीकडे स्पेसएक्सचं फाल्कन रॉकेट उडाल्यावर आठेक मिनिटांनी बूस्टर जमिनीवर परत येतो. फक्त एक लक्षात ठेवा, बहुतेक बूस्टर समुद्रातल्या तराफ्यावर उतरतात, तेव्हा काठावरून काही दिसत नाही, त्यामुळे तिकीट काढायच्या आधी या वेळी बूस्टर लाँचच्या जागी परत येणार आहे का ते तपासा. ह्यूस्टन-ऑस्टिनवाल्यांनी साउथ पाद्रे आयलंडला जाऊन स्टारशिप हे त्यांचं मोठं रॉकेट बघावं, १३ ऑक्टोबर २०२४ ला तिथून समोरच ७१ मीटर उंच बूस्टर सात मिनिटांत परत आला आणि टॉवरच्या दोन हातांनी तो हवेतच धरला. आइला ब्लांका पार्कपासून टॉवर आठेक किलोमीटर. भाचा गेला होता, त्याने व्हिडिओ पाठवला, त्यात रॉकेट कमी आणि त्याचा स्वतःचा ओरडण्याचा आवाज जास्त आहे.

आणि भारतात?

चांद्रयान-३ उतरताना तिथे कोणी असायचा प्रश्नच नाही, सगळ्यांनी टीव्हीवरच बघितलं. पण शटलच्या जातीचं काम आपल्याकडेही चालू आहे, कर्नाटकात चित्रदुर्गजवळ चळ्ळकेरेला इस्रोने पुष्पक नावाचं छोटं पंखवालं यान चिनूक हेलिकॉप्टरने साडेचार किलोमीटर वर नेऊन सोडलं आणि ते स्वतःचं स्वतः रनवेवर उतरलं, २०२३ मध्ये एकदा आणि २०२४ मध्ये दोनदा. आत माणूस नाही. टेकतानाचा वेग जवळपास शटलइतकाच, कारण पंख आखूड. म्हणजे १९७७ च्या एंटरप्राइजच्या पायरीवर आपण आहोत. पब्लिकला तिथे सोडत नाहीत, व्हिडिओ मात्र इस्रोने टाकलेत, ते बघा. कधीतरी हे कक्षेतून परत येईल तेव्हा प्रेक्षकांसाठी एक काठ मोकळा ठेवावा एवढीच इच्छा.

लहान मुलांना न्यावं का?

न्या, पण कानात घालायला काहीतरी ठेवा आणि दणका बसणार आहे हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर मूल घाबरून आईच्या कुशीत तोंड घालतं आणि नेमकं तेव्हाच यान उतरतं. पाणी, टोपी, दुर्बीण ७ किंवा ८ पट मोठं दाखवणारी, त्यापेक्षा जास्त मोठी घेतली तर हात हलतो आणि ठिपका सापडत नाही. परत येताना ट्रॅफिक असणारच, आम्हाला शंभर मैलांना पूर्ण दिवस लागला होता, त्यामुळे गाडीत पेट्रोल आदल्या दिवशीच भरून ठेवा.